जेनिता सरळ बघायची नाही

जेनिता चांगली मुलगी नव्हती.

आज तिला जाऊन महिना झाला. सकाळपासून बघतोय, सगळ्यांच्या वॉलवर ती एंजल झालीय. "सदैव हसतमुख." "सगळ्यांना जीव लावणारी."

कोण ही? मी हिला ओळखत नाही.

मी ओळखतो ती बोरिवलीच्या नॅशनल पार्कात माकडांवर पीएचडी करत होती आणि माणसांचा तिला कंटाळा होता. जन्मभर तिला माकडवाली म्हणणारे आज मेणबत्तीचे इमोजी टाकतायत.

टाका.

तिच्या गाइड सरांनीपण लांबलचक लिहिलंय. आयसीयूबाहेर तिच्या आईला, आंटीला, त्यांनी पहिला प्रश्न लॅपटॉपच्या पासवर्डचा विचारला होता. ते लिहायचं राहिलं बहुतेक.

मी थर्ड इयरला कॉलेज सोडलं. प्रॅक्टिकलला मॅडमशी वाजलं, जर्नल टेबलावर फेकून आलो, परत गेलो नाही. घरात सगळ्यांवर भुंकत बसलेलो, तेव्हा हिने मला कामाला नेलं. आमच्या चाळीमागच्या गावठाणात राहायची. मला सीनिअर. काम काय, तर उजाडल्यापासून माकडांच्या टोळीमागे फिरायचं आणि कोण कोणाकडे बघतं ते शीटवर टिपायचं.

गेटवरच नियम सांगितला.

"माकडाच्या डोळ्यात बघायचं नाही. रोखून बघणं म्हणजे त्यांच्यात धमकी. त्याने बघितलं की तू डोळे खाली."

"आणि नाही घातले तर?"

"तर चावेल. आणि मी हसेन."

पोटरीला चावलं. ती हसली. इंजेक्शनला घेऊन गेली, तर रिक्षातपण हसत होती.

तेव्हापासून माझे डोळे आपोआप खाली जायला लागले. समोर माकड असो, बाप असो, हवालदार असो.

"तयार होतोयस," म्हणायची.

तिचा विषय डोळे हाच होता. माणसाच्या डोळ्यात एवढं पांढरं का दिसतं. माकडाचा डोळा बाहेरून बहुतेक सगळा तपकिरी, ते कुठे बघतंय लांबून कळत नाही. माणसाचं लगेच कळतं. कधीकाळी माणसं एकमेकांच्या भरवशावर जगायला लागली, म्हणून हे पांढरं उघडं पडलं असेल, असं काही लोक मानतात. हिला ते तपासायचं होतं.

"म्हणजे फायदाच ना?" मी विचारलं.

"भरवशाच्या माणसांना. तुझी वाट लागते. सकाळपासून तू माकडाकडे एकदा बघितलं नाहीस. माझ्याकडे बघतोयस. तुझ्या शीट्स रद्दी आहेत, तुष्या."

रद्दीच होत्या. मी काय करू.

एकदा एक जण बायको-पोरं घेऊन आला आणि माकडांना वेफर्स फेकायला लागला. मी त्याची कॉलर धरली. शिव्या दिल्या. जेनिता मागून थंडपणे म्हणाली, "तोंड मिट. माकडांत घाबरलेलंच दात दाखवतं."

त्या माणसासमोर. त्याची बायकोपण हसली.

मी आठवडाभर गेलो नाही. मग गेलो.

त्याच दिवशी नदीकाठच्या खडकावर विचारून टाकलं. समोर एक माकडीण पिल्लाच्या उवा काढत होती. जेनिताची नजर तिच्यावर.

"आपलं काय?"

"फिल्डवर नाही."

"मग कधी?"

"ज्या दिवशी सरळ तुझ्याकडे बघेन ना, त्या दिवशी हो समज. फक्त तेव्हा डोळे वर ठेव. एवढं जमेल?"

"आणि नाहीच बघितलंस तर?"

"तर टिपत बस."

टिपत बसलो. एक सीझन गेला, दुसरा लागला. ती माकडांकडे तिरकं बघायची, माझ्याकडे तिरकं बघायची, डबा खातानापण तिरकंच. सवय झालेली तिला.

पावसात पार्कातला ओढा ओलांडायला लागायचा. तिच्या पायाला जखम होती. म्हटलं, गमबूट घाल.

"आवाज होतो. माकडं दचकतात."

माकडं दचकली नाहीत. हिला त्या घाण पाण्यातून लेप्टोचा ताप आला.

आंटीने मला आत सोडलं तेव्हा तिच्या डोळ्यांचं पांढरं हळदीसारखं पिवळं झालं होतं.

"बघ," म्हणाली, "पांढरं गेलं. आता मी कुठे बघते कुणाच्या बापाला कळणार नाही."

आंटी कोपऱ्यात रडत होती आणि हिचे असले जोक.

मग तिने उशीवर मान वळवली आणि सरळ माझ्याकडे बघितलं.

रोखून. पहिल्यांदा.

माझे डोळे खाली गेले.

मी घातले नाहीत. गेले. चादरीवर हॉस्पिटलचा निळा शिक्का होता, तो दिसत होता.

वर बघितलं तोवर ती छताकडे बघत होती.

"शाब्बास तुष्या," म्हणाली. "तयार झालास."

संध्याकाळी घशात नळी घातली. त्यानंतर ती कुणाशीच बोलली नाही. पेटीत ठेवली तेव्हा डोळे मिटलेले होते, मेल्या माणसाचे मिटतातच. तेव्हा मी बघून काय उपयोग.

आज चर्चमध्ये तिच्या नावाने मिस्सा होती. मी आत गेलो नाही. नाक्यावर गावठाणातल्या पोरांनी मोठा बॅनर लावलाय. फोटो कुणाच्या तरी लग्नातला. फोटोग्राफरने "इकडे बघा" म्हटलं असणार.

सरळ बघतेय.

पानवाल्याकडे बघतेय. रिक्षावाल्यांकडे. गटारात थुंकणाऱ्याकडे. वेफर्सवाला तो माणूस इथून गेला तर त्याच्याकडेपण बघेल. सगळ्यांना फुकट.

मी समोर जाऊन उभा राहिलो. डोळे वर ठेवून. लोक वळून बघायला लागले, एकाने हॉर्न मारला, मी हललो नाही.

पापणी माझीच आधी लवली.

तुझी कशी लवेल.

जा, जेनिता.