अमृतभाऊंची बोंबीलतुला

डहाणू रोडला स्टेशनपासून थोडं आत अमृत चुरी यांचं मंडपाचं गोदाम आहे. लग्नासाठी तिथं मंडप ठरवला की खांब, कनात, खुर्च्या, नवरानवरीची दोन सिंहासनं आणि एक कादंबरी मिळते. लग्न उरकलं की बाकी सगळं परत करायचं, कादंबरी ठेवून घ्यायची. ती अमृतभाऊंनी स्वतः लिहिलेली असते.

मी इथल्या एका पतसंस्थेत हिशेबनीस आहे, पुढच्या मार्चला निवृत्त होईन. धंदा म्हणून ही पद्धत मला कधी पटली नाही. पुस्तकाची किंमत निदान मंडपाच्या बिलात धरा, असं मी त्यांना पुष्कळदा सांगितलं. ते म्हणायचे, "रवी, लग्नात माणसाला जन्मभराचं गांभीर्य एका दिवसात मिळतं. सोबत थोडं हसायला नको?"

त्यांच्या सगळ्या कादंबऱ्या खाडीपलीकडच्या एका देशात घडतात. तिथं राजा वारला की राजवाड्यातली म्हैस गावभर फिरवतात, आणि जांभई देताना तिच्यासमोर जो उभा असेल तो राजा होतो. त्यामुळे शहाणी माणसं नेहमी म्हशीच्या मागं उभी राहतात. प्रधान खेकडा आहे. त्याची प्रत्येक योजना जोरात चालते, पण आडवी. एक राक्षस आहे, त्याला माणसांना घाबरवायचा परवाना हवा आहे आणि रहिवासी दाखल्यावाचून तो मिळत नाही. तलाठ्यासमोर राक्षस रडतो ते प्रकरण मी ऑफिसात डबा खाताना वाचलं. माझा ठसका ऐकून मॅनेजरनं शिपायाबरोबर पाणी पाठवलं.

अमृतभाऊ लिहायचे गोदामात, दुपारी, लाल मखमलीच्या सिंहासनावर मांडी घालून. अंगात बनियन, मांडीवर पुठ्ठा, आजूबाजूला प्लायवूडचे हत्ती. आवाज असा, की मैदानाच्या दुसऱ्या टोकाला खांबावर चढलेल्या माणसाला ते खालून नुसत्या हाकेनं झापायचे. माइक भाड्यानं द्यायचा, आपण वापरायचा नाही, हा त्यांचा बाणा.

लग्नांबरोबर ही पुस्तकं अशा पाड्यांवर पोचली, जिथं पुस्तकविक्रेता कधी गेला नसेल. कासाचा हाल्या वडाप जीप चालवतो. जीप भरेपर्यंत तो स्टिअरिंगवर पुस्तक ठेवून मोठ्यानं वाचतो, म्हणून त्याच्याकडे लोक तासभर आधी येऊन बसतात. वाढवणचा पांड्या होडीवर वाचतो. तलासरीची निलम शाळेत शिकवते आणि वर्ग फार दंगा करू लागला की खेकड्याचं भाषण म्हणून दाखवते. डहाणूचे जतीन शेठ किराणावाले. त्यांचं घरचं सगळं वाचन गुजरातीत, मराठीत वाचतात ते फक्त अमृतभाऊंना.

दोन वर्षांपूर्वी भाऊंचा उजवा हात थरथरू लागला. वापीच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला. म्हणाले, "हा बरा होणारा आजार नाही. पण गोळ्या, रोजचं चालणं आणि मोठ्यानं बोलणं, ही तीन सोडली नाहीत तर पुष्कळ वर्षं मजेत जातील." भाऊंनी गोळ्या धरल्या आणि बाकीची दोन्ही सोडली. आवाज बारीक झाला होता. हॉटेलात त्यांनी मागवलेला चहा पोऱ्याला ऐकूच गेला नाही, त्या दिवसापासून ते घराबाहेर पडेनात. मागच्या पुस्तकाच्या शेवटी राणी विहिरीत उतरली होती. पुढचं पुस्तक तिथंच अडलं.

"दिवसभर खिडकीशी बसतात, भाऊजी," निर्मलावहिनी मला म्हणाल्या. "असेच बसले तर पाय जातील आणि आहे तो आवाजही जाईल. काहीतरी करा."

मी वाचकांची भेट ठरवली. भाऊ दमू नयेत म्हणून रविवारी प्रत्येकाला वेगळी वेळ दिली. पहिल्याच वेळेला चौघं एकदम आले आणि आजाऱ्याला भेटताना बसतात तसे पाय जुळवून ओळीनं बसले. हाल्याच्या मांडीवरची पिशवी हलत होती.

"काय रे त्यात?" वहिनींनी विचारलं.

"कोंबडा. भाऊंचा हाय."

"माझा?" भाऊ म्हणाले.

"आमी महालक्ष्मीला बोललू, भाऊ बरं झालं त तुला कोंबडा देल, आन् पयला घास भाऊ सोता खाल."

जतीन शेठ उठूनच उभे राहिले. "अरे, असा कसा? मी तर देवीला बोललो, अमृतभाई बरा झाला की एक वरस मच्छी-मटण बंद!"

"तुमी त खातच नाय, शेठ. तुमचं काय जातं?"

"मी माझ्यासाठी नाय बोललो, अमृतभाईसाठी बोललो!"

आमच्याकडे आजाऱ्यासाठी नवस दुसऱ्यानं बोलायचा असतो आणि बरं झाल्यावर फेडायचा असतो आजाऱ्यानं. एका घरात एक नवस असतो तोवर हे ठीक चालतं. इथं ज्यानं त्यानं प्रेमापोटी, कुणाला न विचारता, भाऊंना परस्पर बांधून टाकलं होतं.

"मी तुलेचा नवस बोललोय," पांड्या म्हणाला. "भाऊंची तुला करायची, देवीच्या जत्रेत."

"गुळाची?" मी विचारलं.

"गूळ काय आमच्या दारात वाळतो? सुक्या बोंबलाची."

"अमृतभाईला बोंबलात बसवणार तू?" जतीन शेठांचा हात नकळत नाकाकडे गेला.

"बोंबलात नाय, बोंबलासमोर. खायचे नायत. तुमचा नवस पण शाबूत."

"मीही बोललेय," दारातून वहिनी म्हणाल्या. आम्ही सगळे वळलो. "हे बरे झाले तर ती सिंहासनं गोदामातून काढून टाकतील."

"अगं, मग मी बसू कुठं?"

"खुर्चीवर. माणसांसारखे."

भाऊंच्या ओठांच्या कडा हलल्या. ते निलमकडे वळले. "आणि मास्तरीणबाई, तुम्ही?"

निलम पदराशी चाळा करत म्हणाली, "पुढचं प्रकरण तुम्ही आधी देवीच्या जत्रेत सगळ्यांना सांगाल, असं बोलले मी. तोंडानं."

भाऊंचा चेहरा उतरला. "तेवढं सोडून काहीही," ते म्हणाले, आणि ते ऐकायला आम्हाला पुढं वाकावं लागलं. "आणि तुम्ही सगळेच फसलात. बरा झालो तर, म्हणालात ना? मी बरा होणार नाही. डॉक्टरनं सांगितलंय. तुमचे सगळे नवस फुकट गेले."

हाल्या जमिनीकडे बघत राहिला. पिशवीतला कोंबडा मात्र एकदा आरवला, दुपारी बाराला. भाऊंचे खांदे हलू लागले. मला वाटलं थरथर वाढली. ते हसत होते.

"रवी, तुमच्या संस्थेत आगाऊ हप्ता घेतात?"

"घेतो."

"नको म्हणता येतं?"

"नाही. भरणा आला की घ्यावाच लागतो."

"मग देवी तरी कशी नको म्हणेल? आपण आधीच फेडून टाकू. मग बसू दे तिला विचार करत, ह्या माणसाचं आता काय करायचं!"

असा काही नियम नाही, असं मी सांगून पाहिलं. ज्या माणसानं म्हशीच्या जांभईवर राज्यघटना लिहिली त्याला नियम सांगण्यात अर्थ नव्हता. "मात्र मास्तरीणबाईंचा नवस बाजूला," त्यांनी बजावलं. निलमनं मान हलवली, पण हो म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊ चालत गोदामात गेले. माणूस बसेल असा तराजू कुठं मिळतो? तो त्यांनाच बनवायचा होता. मंडपाचे लोखंडी पाइप, पाळण्याच्या साखळ्या आणि पारडी म्हणून दोन्ही सिंहासनं. सिंहासनं या निमित्तानं गोदामाबाहेर जातायत म्हटल्यावर वहिनींनीही हरकत घेतली नाही. आवाज पोचत नसल्यामुळे भाऊ कामगारांना काठीनं टोचून सूचना देत. मग ते रोजच जाऊ लागले.

चैत्रातली जत्रा आली. हाल्याच्या जीपच्या टपावर दोन लाल सिंहासनं बांधून आम्ही निघालो तेव्हा चारोटीपर्यंत लोक आम्हाला वऱ्हाड समजून हात करत होते. आधी कोंबड्याचा नवस, जिथं करतात तिथं, रीतसर झाला. मग पहिल्या घासाचा प्रश्न आला. जतीन शेठ डोळे वटारून समोर उभे. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, सही करायला जसा मुखत्यार नेमतात तसा घासालाही नेमता येईल. हाल्यानं भाऊंच्या वतीनं घास घेतला.

"भाऊ," तो बोटं चाटत म्हणाला, "तुमचा घास लय मोठा व्हता."

देवीच्या गडाखालच्या मोकळ्या शेतात तराजू उभा केला. एका सिंहासनावर भाऊ बसले, दुसऱ्यावर पांड्यानं टेम्पोतून आणलेल्या गोणी चढू लागल्या. सुका बोंबील दिसतो ढीगभर आणि वजनात भरत नाही. मखमल दिसेनाशी झाली, सोनेरी पाठ दिसेनाशी झाली, तरी भाऊ जमिनीवरच. वाऱ्याबरोबर वास जत्रेत शिरला. शेवपापडीवाला भांडायला आला आणि बघत उभा राहिला.

शेवटी भाऊ वर उचलले गेले. पण काटा थांबेना. भाऊंचा हात थरथरे, त्यानं सिंहासन हले, त्यानं अख्खा तराजू खालीवर. पांड्या मूठभर बोंबील टाकी, जतीन शेठ नाकाला रुमाल बांधून दोन बोटांनी एकेक काढून घेत.

"भाऊ, जरा हलू नका ना!"

"पांड्या, माझं कोण ऐकतंय? माझा हातसुद्धा ऐकत नाही!"

हे वाक्य बोलून भाऊ स्वतःच इतके हसले, की पलीकडून अर्धी गोण खाली आली. लोक जमू लागले.

"कुठल्या पक्षाचा हाय?" एकानं विचारलं.

"पक्षाचा नाय, लेखक हाय," हाल्या म्हणाला.

"मग बोंबील कशाला?"

हाल्यानं पांड्याकडे बोट दाखवलं. तेवढ्यात आकाशपाळणेवाला वहिनींना भेटून सिंहासनांचा सौदाही करून गेला. "पण हे उतरल्यावर न्या," एवढीच वहिनींची अट होती.

गर्दीतून नारळाची टोपली डोक्यावर घेतलेली एक बाई थेट तराजूपाशी आली. भाऊंना खालपासून वरपर्यंत न्याहाळून म्हणाली, "तुमीच का ते पुस्तकवाले? माझ्या धाकट्या पोरीच्या लग्नात मिळालं व्हतं. थोरलीचा पोरगा वाचून दाखवतो. ती राणी हिरीत उतरली ती वर आली का नाय?"

निलम नुसती भाऊंकडे बघत राहिली. बाई टोपली सांभाळत उभीच. उत्तर घेतल्याशिवाय ती हलणार नव्हती. भाऊंनी ओठ हलवले.

"काय बोलला?" मागून ओरडा झाला.

निलमनं वळून शाळेतल्या खणखणीत आवाजात सांगितलं, "राणी वर यायला तयारच नाही! म्हणते, खाली निदान कुणी मुजरा करत नाही!"

पुढची रांग हसली. हाल्यानं तेच त्याच्या बोलीत मागं सांगितलं, तिथले हसले. उंबरगावकडून आलेल्या मंडळींना जतीन शेठांनी रुमाल सोडून गुजरातीत सांगितलं. तिकडचं हसू सगळ्यात उशिरा, बर्फगोळ्याच्या गाडीपाशी फुटलं. भाऊ मान कलती करून ऐकत होते. हसू टोकापर्यंत पोचल्यावरच त्यांनी दुसरं वाक्य सांगितलं. मग तिसरं. निलम सांगे, हाल्या सांगे, शेठ सांगत, आणि टेम्पोतल्या उरलेल्या गोणी राखायला मागं गेलेला पांड्या शेवटच्या रांगांना सांगे. मी खिशातला कागद काढला.

मग भाऊंनी अगदी साधं वाक्य सांगितलं, विहिरीच्या तळाशी राणीला एक दार दिसलं. त्यात हसण्यासारखं काहीच नव्हतं. पुढचे शांत राहिले, मधले शांत राहिले, आणि मागं एकदम स्फोट झाल्यासारखं हसू उठलं.

"तिकडं काय झालं?" भाऊंनी विचारलं. प्रश्न रांगांमधून मागं गेला आणि उत्तर उलट्या वाटेनं पुढं आलं. निलमनं ते चाचरत सांगितलं. "पांड्यानं भर घातली. म्हणतो, दारावर एक कासव पहारेकरी होतं आणि ते जेवायला गेलं होतं."

भाऊ स्वतःच्या वाक्यातला स्वल्पविरामसुद्धा छापखान्याला हलवू देत नसत. त्यांनी डोळे मिटले. तराजू खालीवर होत राहिला.

"विचारा त्याला," डोळे न उघडता ते म्हणाले, "जेवायला कधीपासून गेलंय?"

प्रश्न गेला. उत्तर यायला वेळ लागला, कारण वाटेत प्रत्येक जण आधी हसून घेत होता.

"राणीच्या आजोबांच्या राज्याभिषेकापासून!"

"रवी, लिही," भाऊ म्हणाले, आणि पुढं वाकून त्यांनी त्यापुढचं वाक्य सांगितलं. ते मलाही ऐकू आलं नाही. निलमनं सांगितल्यावर कळलं. मी ते लिहून घेतलं, आणि मग पेन तसंच धरून थांबलो, मागून काय येतंय ते ऐकायला.