तीन टोकांचे तारे

आमच्या ह्यांना गळती सहन होत नाही. नळजोडणीच्या धंद्यात जन्म गेला. ह्यांनी बसवलेला नळ ठिबकतोय असं कुणी नुसतं म्हटलं तरी ह्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. त्यामुळे नट कितीही घट्ट बसलेला असो, जाता जाता पान्याचा एक पीळ जास्तच. घरातल्या बरण्यांची झाकणंही अशी आवळून ठेवतात की उघडायला मला शेजारणीला हाक मारावी लागते. बोलले तर म्हणणार, "सैल राहण्यापेक्षा बरं."

काम सोडल्यावर लोक फिरायला जातात. ह्यांच्या डोक्यात आकाशाचे फोटो काढायचं खूळ शिरलं. दुर्बिणीची नळी ह्यांनीच बनवली, अर्थातच जाड पाइपाची. तिच्या तळाशी बसतो तो आरसा मात्र माझ्या दादानं दिला, स्वतः घासून.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, घड्याळजी. हाताला कंप सुटला, चिमट्यातून बारीक स्क्रू निसटायला लागले आणि त्यानं दुकान बंद केलं. मग तो लोकांसमोर चहाचा कपही उचलेनासा झाला. 'नको, आत्ताच घेतला' म्हणून मोकळा. पण आरशाचं काम वेगळं. काचेवर काच ठेवायची, मध्ये खरखरीत पूड आणि पाणी, आणि टेबलाभोवती फिरत महिनोन् महिने घासत राहायचं. "यात हात हलला तरी बिघडत नाही गं," दादा मला म्हणाला होता, "हलायलाच हवा!" त्या दिवसांत तो पुन्हा शिट्टी वाजवायला लागला. आरसा झाल्यावर ह्यांच्या आकाशमंडळातल्या एकानं दुसरा घासायला सांगितला, तर तोही लगेच सुरू केला.

आणि ह्यांचे फोटो आले. तारा म्हणजे फोटोत बारीकसा गोल ठिपका यायला हवा. ह्यांचा एकूण एक तारा तीन टोकांचा! आधी ह्यांनी स्टँडवर संशय घेतला. मग दुर्बीण आकाशाबरोबर फिरवणाऱ्या मोटारीवर. पण मोटार चुकली तर तारे एका बाजूला ओढल्यासारखे लांबट येतात म्हणे, आणि अगदी क्षणभराचा फोटो काढला तरी ह्यांची तीन टोकं जिथल्या तिथे. आतला छोटा आरसा सरळ करून झाला, कॅमेरा दुसऱ्याचा लावून झाला.

"राहिला तळाचा मोठा आरसा," हे म्हणाले.

"नाचता येईना, अंगण वाकडं," मी म्हटलं.

"अगं, अंगणच वाकडं आहे, त्याला मी काय करू?"

हे घरात बोलले असते तर मी गिळलं असतं. पण रविवारी आकाशमंडळाची सभा होती. भिंतीवर एकेकाचे फोटो दाखवत होते. ह्यांचा आला तसं कुणीतरी विचारलं, "तारे त्रिकोणी का हो?" आणि ह्यांनी उचलली जीभ, लावली टाळ्याला. "आरसा आमच्या मेव्हण्यांनी घासलाय. हात कापतो त्यांचा. त्यांनी तरी काय करावं?"

लोक हसले. दादा माझ्या शेजारी बसला होता. त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली सारले. मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आम्हा नवराबायकोला आत घ्यावं. बाहेर पडताना दादा एवढंच म्हणाला, "भावोजींचं बरोबर असेल."

पुढच्या खेपेला त्याच्याकडे गेले तर टेबल रिकामं. अर्धवट घासलेली काच त्यानं परत दिली होती, पूड कचऱ्यात टाकली होती. मी चहा केला. त्याचा कप तसाच निवला.

घरी येऊन मी ह्यांना फैलावर घेतलं. "मी खोटं बोललो का?" हे उलट माझ्यावर. "थांब, पुराव्यानिशी दाखवतो! आरसा त्याच्या बैठकीत थोडा फिरवून बसवतो. दोष काचेत असेल तर ताऱ्यांची टोकंही तेवढीच फिरतील. मग बोल."

फिरवला. आरसा धरणारे चिमटे पुन्हा लावले, पुन्हा आवळले. सकाळी मी खोलीत गेले तर हे कॉम्प्युटरवर रात्रीचा फोटो उघडून बसलेले.

"काय झालं? फिरली का टोकं?"

"नाही."

"मग?"

ह्यांनी दुर्बिणीकडे बोट दाखवलं. आरसा धरून ठेवायला ह्यांनीच बसवलेले तीन चिमटे. तीन चिमटे, तीन टोकं. काच दाबली की डोळ्याला दिसणार नाही एवढी वाकते आणि तेवढ्यानंच ताऱ्याचा आकार जातो. काचेत काही दोष नव्हता. दोष ह्यांच्या पान्यात होता. "आरसा गळत नसतो गं," हे म्हणाले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून बसले.

मग चिमटे इतके सैल केले की खालून कागद सरकावा. पुढचा फोटो आला तो मोहरी सांडल्यासारखा, सगळे तारे गोल. हे दाढी करून, धुतलेला सदरा घालून दादाकडे निघाले. वाटेत मला म्हणाले, "तू मध्ये बोलू नकोस. माझं मला बोलू दे."

दादानं फोटो खिडकीशी नेला, डोळ्याला भिंग लावून कोपरा न् कोपरा पाहिला. "वा! सुरेख. नवा आरसा कुठून आणलात?"

"तुमचाच आहे, दादा. मी चिमटे फार आवळले होते, त्यानं काच वाकत होती. चूक माझी. मी भरसभेत तुमच्या हाताला नावं ठेवली. मला लाज वाटते."

दादानं ह्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान हलवली, 'खरं आहे रे' म्हटलं. तो हसला. आजारी माणसाला भेटायला येऊन धीर देणाऱ्यांकडे बघून घरचे हसतात तसा.

"हिनं भांडून पाठवलं ना तुम्हाला?"

"नाही हो! शप्पथ! येत्या रविवारी सगळ्यांसमोर सांगतो."

"नका सांगू. कोण कुणाचं झाकतंय ते लोकांना कळतं." दादानं फोटो जपून ह्यांच्या हातात परत दिला. "पण भावोजी, माझ्यासाठी स्वतःच्या कामाला नावं ठेवून घ्यायला निघालात. एवढं मोठं मन कुणाचं असतं? माझ्या बहिणीनं नशीब काढलं."

दादा ह्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिला, आणि हे मान खाली घालून ते कौतुक ऐकत बसले.