छावणीलगतचे घर

कॅम्पच्या कवायतीच्या मैदानावर संध्याकाळी टँकरने पाणी मारतात. दिवसभर तापलेली माती ते पाणी क्षणात पिऊन टाकते आणि तिच्यातून एक उष्ण, ओलसर, किंचित गंजल्यासारखा वास उठून दगडी भिंतीवरून अलीकडे येतो. पावसाचा तो वास नव्हे. पावसाच्या वासात आश्वासन असते, याच्यात नुसती तहान असते. सोलापुरातले हे घर आम्ही पहिल्यांदा पाहिले ते ज्येष्ठातल्या अशाच एका संध्याकाळी. आभाळ पांढुरके, कोरडे. दारातला कडुनिंब धुळीने राखाडलेला. आणि उंबऱ्यावर बसलेली एक कृश, ठेंगणी म्हातारी, जी आम्हाला पाहूनही उठली नव्हती.

माझे यजमान राखीव दलात अधिकारी. लग्न झाल्यापासून आमचा संसार आदेशांच्या मागोमाग फिरत आला. एक आदेश आला की पडदे उतरायचे, डबे रिकामे करायचे, कुंड्या शेजारणींना वाटून टाकायच्या आणि नव्या गावच्या सरकारी क्वार्टरमध्ये तोच पिवळट चुना पाहत पुन्हा चूल मांडायची. गोंदियाकडे, तळ्यांच्या आणि भातखाचरांच्या त्या ओल्या प्रदेशात, मी थोडी रुळले होते. माझे माहेर भंडाऱ्याकडचे. तिथल्या हवेला माहेरचा स्पर्श होता. तेवढ्यात सोलापूरचा आदेश आला. मुलगी पुण्याला वसतिगृहात. इथे क्वार्टर मोकळे नव्हते, आणि निवृत्ती आता दृष्टिपथात आली होती.

"आता घरच घेऊ," हे म्हणाले. "कॅम्पला लागून. पुढचा आदेश आला की मी एकटा जाईन. तू इथंच राहा."

किती साधे वाक्य! पण त्या रात्री सामान बांधताना ते माझ्या मनात हळूहळू उलगडत गेले. आयुष्यभर ज्या घराची मी वाट पाहिली, ते एकत्र राहण्यासाठी नव्हते. मला वाट पाहायला एक हक्काची जागा असावी, म्हणून ते होते.

उंबऱ्यावरच्या त्या बाईंचे नाव सुंदराबाई. माहेर वळसंगचे; नवरा याच दलात हवालदार होता. निवृत्तीनंतर त्याने हे घर बांधले, कॅम्पच्या भिंतीला खेटून, पहाटेचा बिगुल ऐकू यावा म्हणून. तो गेल्यावर त्या एकट्या उरल्या आणि आता बार्शीला मुलीकडे निघाल्या होत्या. एजंट आम्हाला खोल्या दाखवत होता. शहाबादी फरशी, मागे पत्र्याची मोरी, स्वयंपाकघरात पूर्वेकडची लहानशी खिडकी. सुंदराबाईंनी घराचे गुण सांगितले नाहीत, दोषही झाकले नाहीत. खरेदीखताच्या दिवशी सह्या झाल्यावर मात्र कचेरीच्या व्हरांड्यात त्यांनी माझा हात धरला. तळहात खरखरीत, कोरडा, कडबा धरल्यासारखा.

"घर आता तुमचं झालं, बाई. माझं एवडंच मागनं हाय. माझा ल्योक हाय एक. सिद्धाराम. त्यो आला तर त्याला दारातनं माघारी लावू नका. म्हनावं, आई बार्शीला हाय."

"पाठवू, मावशी," हे माझ्या आधी म्हणाले. पण जीपमध्ये बसल्यावर यांचा चेहरा आवळला होता. दलातल्या कुणाकडून तरी यांना कळले होते. "ड्यूटी सोडून गेलेला पोरगा आहे तो," हे म्हणाले. "अशी माणसं परत येत नाहीत."

बाकीची हकीकत मला शेजारच्या रझियाभाभीकडून कळली. त्यांचा नवरा ट्रक चालवतो. महिन्यातले थोडे दिवस घरी असतो. नळाला पाणी येण्याच्या दिवशी आम्ही दोघी भल्या पहाटे अंगणात हंडे मांडून उभ्या असायचो, आणि तिथेच, पाण्याच्या धारेच्या आवाजात, त्यांनी मला तुकड्यातुकड्यांनी सारे सांगितले. सिद्धाराम बापाच्याच दलात भरती झाला होता. दूरच्या जंगलात त्याच्या तुकडीला पाठवले आणि तिथे त्याच्या शेजारी उभा असलेला मित्र त्याच्या डोळ्यांदेखत गेला. रजेवर घरी आलेला हा मुलगा मग परत गेलाच नाही. दिवस दिवस कडुनिंबाखाली बसून असायचा, बोलायचा नाही. कॅम्पमधून निरोप येऊ लागले. एका सकाळी हवालदारांनी इस्त्री केलेली वर्दी त्याच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाले, ही अंगात घाल, नाहीतर या दारातून नीघ. तो उठला आणि चालू लागला. वर्दी तिथेच राहिली.

"हवालदारचाचा दिल के बुरे नहीं थे, भाभी," रझियाभाभी म्हणाल्या. "पर वर्दी के आगे उनकू कुछ दिखताच नहीं था. लडका गया, उसके बाद वो भी किसी से बोले नहीं."

शरद आला तसा यांना आदेश आला. आधी निवडणुकीचा बंदोबस्त, आणि तिथूनच परस्पर पूर्वेकडच्या जंगलात. घर घेऊन पुरते सहा महिनेही झाले नव्हते. मी दारात उभी राहून गाडी वळणापर्यंत पाहिली आणि आत आले, तेव्हा घर एकदम मोठे झाल्यासारखे वाटले. छावणीलगतच्या वस्तीचे हे एक विचित्र लक्षण आहे: भिंतीपलीकडे शेकडो पुरुषांचे पाय एका तालात आपटत असतात आणि अलीकडे बहुतेक घरांतून बायकाच असतात. संध्याकाळी त्या दारांत येऊन उभ्या राहतात, एकमेकींना विचारतात, "फोन आला का?" आणि आला असला तरी आत जायला निघत नाहीत. हेमंतातले ते उतरते, मधासारखे ऊन भिंतीवरून सरकत जाई, आणि मला वाटे, हे सगळे शहर माझ्यापासून काही अंतरावर उभे आहे. मला ओळखत नाही, तसे हाकलूनही देत नाही.

सोमवारी, बाजार उरकल्यावर, सुंदराबाईंचा फोन यायचा. मुलीच्या मोबाइलवरून. आधी कडुनिंबाची चौकशी, मग रझियाभाभींची, मग थोडी शांतता, आणि मग तो प्रश्न.

"कुनी आलं व्हतं का, बाई?"

"नाही, मावशी."

"बरं," त्या म्हणायच्या. त्या 'बरं'मध्ये निराशा नसे. उलट, कुठले तरी भांडे जागच्या जागी आहे हे पाहून घ्यावे, तसा तो उच्चार असे.

तो आला, तेव्हा सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा ओसरू लागली होती. पौषातली दुपार होती. ऊन उबदार, सावली बोचरी. फाटकापाशी एक माणूस कितीतरी वेळ उभा असलेला मला खिडकीतून दिसत होता. पस्तिशीचा असावा, पण खांदे म्हाताऱ्यासारखे पुढे झुकलेले. केसांत, भुवयांत दगडाची पांढरी पूड बसल्यासारखी. मी बाहेर आले तसा तो दचकला.

"हितं हवालदार ऱ्हात हुते न्हवं?"

तो कोण आहे हे मला त्याच क्षणी कळले. चेहऱ्यावरून नव्हे, तो कडुनिंबाकडे पाहायचे ज्या निग्रहाने टाळत होता, त्यावरून. हवालदार वारल्याचे मी त्याला सांगितले. तो हलला नाही. भिंतीपलीकडे कुणीतरी शिट्टी वाजवली, कवायतीचे पाय थांबले, आणि त्या शांततेत त्याने विचारले, "आन् आई?"

"बार्शीला आहेत. ताईंकडे. बऱ्या आहेत."

त्याने फाटकाची सळई धरली. मी त्याला आत यायला सांगितले, पण तो पडवीच्या पुढे आला नाही. उंबऱ्याबाहेरच्या पायरीवरच बसला. माझी भाकरी नुकतीच झाली होती. ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी आणि शेंगाचटणी एवढेच ताटात होते. तो मान खाली घालून जेवला. मधेच त्याने कांदा मागितला. मी चिरायला घेतला तर म्हणाला, "चिरू नका. आसाच द्या." आणि उंबऱ्याशी ठेवून मुठीने फोडला. जेवता जेवता जे बोलला ते थोडके. कर्नाटकात बोअरवेल खणणाऱ्या गाडीवर काम करतो. गाव सारखे बदलते. गड्ड्याला आला होता, सिद्धेश्वराच्या काठ्यांची मिरवणूक गर्दीत लांबून पाहिली, आणि परत फिरताना पाय इकडे वळले.

मी फोन हातात घेतला. "मावशींना लावून देऊ का?"

"नको," तो घाईने म्हणाला. "फोनवर नको. म्या जातो. आत्ताच जातो. तोंडानं सांगाया पायजे."

मी त्याला पत्ता सांगितला, त्याने तो दोनदा म्हणून घेतला. रिक्षा मिळते त्या कोपऱ्यापर्यंत मी सोबत गेले. एसटी स्टँडकडे निघालेल्या रिक्षात तो बसला, आणि जाताना हात जोडावेत की नाही अशा संभ्रमात त्याचे हात अर्ध्यावरच राहिले. त्या दिवशी घरी परतताना मला प्रथमच या शहराविषयी माया वाटली. माझ्या हातून काहीतरी पूर्ण झाले होते.

सोमवारी फोन आला. कडुनिंब, रझियाभाभी, शांतता.

"कुनी आलं व्हतं का, बाई?"

तो पोहोचलाच नव्हता. "मावशी," मी कशीबशी म्हणाले, "मी येतेय तुमच्याकडे. उद्या."

रात्री यांचा फोन लागला. जंगलातून आवाज तुटत तुटत येत होता. मी सगळे सांगितले. "तिला सांगू नकोस," हे म्हणाले. "म्हातारीनं कसंबसं मन मारलं असेल. आला होता आणि तिच्यापर्यंत न येता गेला, हे ऐकून ती जगेल कशी?" यांचे म्हणणे खोटे नव्हते. एसटीच्या खिडकीशी बसून मी तेच मनात घोळवत होते. बाहेर ज्वारीची कणसे निसवली होती. दूरवर मेंढरांचा एक कळप काळ्या रानातून धुरासारखा सरकत होता. न सांगणे ही दया होती. पण ज्या बाईने आपले घर देताना फक्त एक गोष्ट मागितली, तिला तीच नाकारायची, हे मला जमेना.

बार्शीत मुलीचे घर धान्यबाजाराच्या मागच्या गल्लीत होते. हवेत तुरीचा आणि पोत्यांचा रुक्ष, गोडसर वास. सुंदराबाई ओट्यावर सुपात डाळ पाखडत होत्या. मी त्यांच्याशेजारी बसले आणि सांगितले. आला होता, मावशी. तुमच्याकडे येतो म्हणून निघाला होता.

सूप थांबले. गल्लीतून हमालांची एक हातगाडी खडखडत गेली. मग त्यांनी विचारले, "जेवला का त्यो?"

"जेवला."

"काय घातलंस?"

'तुम्ही'ची मी आता 'तू' झाले होते. मी सांगितले, भाकरी, मेथी, चटणी. कांदा मागितला. चिरू दिला नाही, हाताने फोडला.

"उंबऱ्यावर?"

"हो."

त्यांच्या चेहऱ्यावर हसू उमटले आणि तिथेच मोडून पडले. त्यांनी पदर तोंडाला लावला. मी म्हणाले, येईल मावशी, आज ना उद्या येईल. त्यांनी नकाराची मान हलवली.

"तुला ठावं न्हाय, पोरी. त्याचा बाप त्याला बोलला तवा म्या दाराच्या आत हुते. चौकटीला धरून. त्यानं बापाकडं बगितलं न्हाय; माज्याकडं बगितलं. लई येळ बगितलं. म्या 'ऱ्हा' म्हनाले न्हाय. एक सबुद न्हाय निगाला." त्यांनी सुपातली डाळ उगाच सारखी केली. "बाप मेला म्हनून काय झालं? मी हाय की. त्यो माज्यापास्नं गेलाय. त्यो कसा यील?"

सूप बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "तुज्या दारात जेवला, बरं झालं. ते दार माजं असतं तर जेवला असता का, कुनाला ठावं."

परतीच्या प्रवासात अंधार लवकर पडला. मी त्या वाक्याभोवतीच घोटाळत राहिले. आम्ही घर घेतले म्हणून आई-लेकाची चुकामूक झाली, असे अपराधी ओझे घेऊन मी बार्शीला गेले होते. कदाचित घर परक्याचे झाले म्हणूनच त्याला त्या पायरीवर बसता आले असेल. आपल्या माणसांच्या दारात जे मागता येत नाही, ते कधी कधी अनोळखी हाताकडून घेता येते. पण एवढ्यावर समाधान मानावे असे त्यात काय होते? कुठल्या तरी गावाबाहेर, बोअरच्या गाडीच्या कर्कश घरघरीत, तो अजूनही बार्शीचा पत्ता मनाशी म्हणत असेल आणि उठत नसेल.

त्यानंतर तो आला नाही. सुंदराबाईंचे फोन येतात, पण तो प्रश्न त्या आता विचारत नाहीत.

चैत्राच्या शेवटी हे रजेवर आले. कळवले नव्हते. दुपारी फाटकाचा आवाज झाला म्हणून मी बाहेर डोकावले. साध्या कपड्यांत, हातात बॅग, चेहरा उन्हाने आणि जागरणाने काळवंडलेला. फाटक उघडून हे पडवीच्या पायरीपाशी थांबले होते. आत येत नव्हते. बूट काढावेत, की हाक मारावी, की काय, अशा अनिश्चिततेत उभे होते, आणि डोळे माझ्याकडे लागले होते. जंगलात काय पाहिले, कोण गेले, हे मला पुढेही कधी कळणार नव्हते. मी चौकटीला धरून पाहत राहिले. हे या घरात जेमतेम काही महिने राहिले होते. घर यांनी माझ्यासाठी घेतले होते, आणि आता त्यात शिरायला कुणीतरी बोलवावे, असे ते उभे राहणे होते.

"या," मी म्हणाले. आवाज मला वाटला त्याहून मोठा निघाला. "आत या. राहा आता."

हे हसले. "अगं, आपल्याच घरात बोलावणं कशाला लागतं?"

मी पायरी उतरून यांच्या हातातली बॅग घेतली. ती फारच हलकी होती, चार दिवसांच्या कपड्यांपुरती.