तळ्यात वाढणारा वाफा

टेबलावर ओला खुटा पडला होता. बांबूचा, टोकाला लाल चिंधी बांधलेला. त्याचं पाणी प्रिन्सिपल सरांच्या फायलींकडे सरकत होतं, आणि सर फायली उचलायच्या सोडून माझ्याकडे बघत होते.

समोर सुखदेवभाऊ बसले होते, गावच्या मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष. आमची शाळा कोहमाऱ्याच्या पुढे, हायवेला लागून. शाळेमागे गावचा जुना तलाव. त्याच्या पाण्यावर खालच्या बांध्यांमध्ये, म्हणजे बांध घातलेल्या शेतांत, धान होतो आणि त्यातली मासोळी सोसायटीची. त्या पाण्यात काही हललं की पहिल्यांदा सुखदेवभाऊंना कळतं.

"काऊन जी मॅडम," ते म्हणाले, "हा खुटा तुमचाच होय का?"

मी तो फिरवून पाहिला. चिंधी तर आमचीच दिसत होती. मी हो म्हटलं. अकरावीच्या हिस्ट्री प्रोजेक्टचा आहे म्हटलं.

"मंग आमचा तलाव कोनाच्या नावानं करून राहिल्या? शाळेच्या का सोताच्या?"

सरांनी घसा साफ केला. संस्थेच्या सेक्रेटरींचा फोन येऊन गेला होता. शाळा तलावात अतिक्रमण करते अशी बोंब गावभर झाली होती. सोसायटीची तक्रार पंचायतीत गेली, तर ज्या मॅडमचं प्रोजेक्ट आहे त्यांना पुढच्या वर्षी ठेवायचं नाही, असा निरोप होता. मी प्रोबेशनवर होते. प्रोबेशन म्हणजे काम पूर्ण आणि नोकरी अर्धी. थोडक्यात, माझी नोकरी सुखदेवभाऊंच्या हातात होती आणि खुटाही त्यांनी परत हातात घेतला होता.

आता हा खुटा तलावात कसा गेला ते सांगते.

आमच्या शाळेत अकरावीच्या आर्ट्सच्या वर्गाचं अधिकृत नाव ह्युमॅनिटीज. स्टाफरूममधलं नाव 'उरलेली मुलं'. सायन्सला गेली ती गेली, राहिली ती माझी. या मुलांना मी माया, ॲझ्टेक आणि इंका शिकवते. अमेरिका खंडातले हे जुने समाज. आपल्याला त्यांच्याशी काय करायचं, असं मुलांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं असतं. म्हणून मी राजांपासून सुरुवात करत नाही, शेतीपासून करते.

मायांचा मका मुलांना लगेच कळला. इंका लोक डोंगराला पायऱ्या काढून त्यावर शेती करत, तेही कळलं. उतारावरच्या बांध्या, एवढं म्हटलं की काम झालं. गाडी अडली ॲझ्टेकांपाशी. त्यांचं शहर सरोवराच्या मधोमध. जमीन कमी, तोंडं फार. मग ते उथळ पाण्यात खुटे रोवत, खुट्यांमध्ये काटक्या विणत आणि आत तळाचा गाळ आणि पाणवनस्पती थरावर थर भरत. वाफा पाण्याच्या वर आला की त्यात मका, मिरची, फुलं. अशा वाफ्याला चिनाम्पा म्हणतात.

"तलावात वावर होत नसते मॅडम," प्राची म्हणाली. वर्गातली सगळ्यात चौकस पोरगी. मी म्हटलं, करून पाहू.

इथे एक गोष्ट मला माहीत नव्हती. मी गोंदिया शहरात वाढलेली, तलाव बघितला तो फिरायला जाऊन. पाणी ओसरलं की तलावाच्या कडेची ओली जमीन उघडी पडते. तिला गाळपेर म्हणतात. या गावात गाळपेरीचा तुकडा ज्याला मिळतो तो कोपऱ्यावर खुटा रोवून त्याला चिंधी बांधतो. चिंधीचा खुटा दिसला की समजायचं, ही जागा आता कुणाची तरी झाली. आणि मी आमच्या खुट्यांना चिंध्या बांधायला लावल्या, कशासाठी, तर सोसायटीची जाळी अडकून फाटू नयेत म्हणून. करायला गेले एक आणि झालं भलतंच.

मुलांना ही रीत माहीत होती. मग बोलली का नाहीत, असं नंतर विचारलं तर म्हणाली, मॅडमनं सांगितलं म्हणजे परवानगी काढलीच असेल. शिक्षकावरचा इतका विश्वास बरा नव्हे.

लढाया मात्र शिकवाव्याच लागल्या नाहीत. ॲझ्टेक योद्धे लाकडी दांड्याच्या कडांना काचेसारखे धारदार दगड बसवत, एवढं वाक्य माझ्या तोंडून गेलं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात छपरावरच्या फुटक्या कवेलूंचे तुकडे बसवलेले दांडे हजर झाले. ते अजून सरांच्या कपाटात आहेत. मला स्वतःला इंकांची युक्ती जास्त महत्त्वाची वाटते. शेजारचा मुलूख घ्यायचा झाला की ते पुष्कळदा सैन्याआधी भेटी पाठवत. उंची कापड, दागिने, गोड बोलणं. तिथल्या मुखियानं भेट घेतली की तो अंकित झाला. नाही घेतली तर सैन्य मागे उभं असायचंच.

आणि हे आपल्याला सांगितलं कुणी? बरंचसं, त्यांना जिंकायला आलेल्या स्पॅनिश लोकांनी. म्हणून हा धडा सुरू झाला की मी फळ्याच्या कोपऱ्यात दोन प्रश्न लिहून ठेवते. कोण सांगतो? त्यात त्याचा फायदा काय? संशय घेणं हा आमच्या विषयाचा धंदाच आहे. घरचे म्हणतात माझा स्वभावच तसा आहे, विषय नंतर मिळाला.

तर केबिनमध्ये मी पहिला प्रश्न सुखदेवभाऊंना विचारला. खुटे शाळेचे आहेत हे तुम्हाला कुणी सांगितलं?

"राजूभैयानं. सारेच खुटे शाळेचे होत म्हने."

"सारेच म्हणजे कुठपर्यंतचे?"

"त्याच्या ढाब्याच्या मांगून तं पार नाल्यापर्यंत."

माझे कान उभे राहिले. आमचा वाफा होता एका बाजेएवढा. चार कोपऱ्यांना खुटे, कडेनं थोडे, संपलं. नाल्यापर्यंत जायला आम्हाला वर्ष लागलं असतं.

राजूभैया म्हणजे प्राचीचे काका, एकाच घरात राहणारे. हायवेवर त्यांचा मोठा ढाबा आहे आणि ढाब्याची मागची बाजू तलावाला टेकते. प्रोजेक्टची बातमी कळल्यावर ते आपणहून शाळेत आले होते. पाळीकडे, म्हणजे तलावाच्या बांधाकडे, गुरं येतात, आमच्या मागच्या कोपऱ्यात करा म्हणाले. बांबू त्यांनी दिले. चिंध्यांसाठी लाल कापड त्यांनीच दिलं. मुलं गाळ उपसायला आली की ढाब्यावरून सगळ्यांना समोसे यायचे. मी परवानगीचं विचारलं तर हसले होते. "बच्चों का काम है मॅडम, इसमें क्या पूछना."

मी इंकांच्या भेटी शिकवून वर्गाबाहेर आले आणि समोसा खाल्ला. दुसरं काय सांगू.

आणखी एक गोष्ट आता आठवली. गेल्या आठवड्यात मुलं म्हणाली होती, मॅडम, आपला वाफा वाढून राहिला. मी जाऊन पाहिलं तर खरंच ढाब्याच्या बाजूनं तो पसरला होता. मला संशय आला तो मुलांचाच. मार्कांसाठी कुणीतरी सुटीच्या दिवशी येऊन गाळ टाकत असणार. मी सगळ्यांना दम दिला, आणि प्राचीला जरा जास्तच, कारण तिचं घर जवळ. ती काही बोलली नाही. तिच्या त्या गप्प बसण्याचाही मी संशय घेतला.

मी सरांना म्हटलं, तलावावर जाऊ. सर म्हणाले, मॅडम, विषय वाढवू नका. सुखदेवभाऊ उठून उभे राहिले. ते निघाले म्हणून सर निघाले, आणि माझा तास होता म्हणून वर्गही निघाला. फावडी मुलांनी न सांगता घेतली.

तलावावर पोचलो तेव्हा सुखदेवभाऊंचं म्हणणं खरं निघालं. लाल चिंध्यांची ओळ ढाब्यामागून नाल्यापर्यंत गेली होती. मी जवळ जाऊन पाहिलं. आमचे खुटे मुलांनी हातानं दाबून बसवलेले, काही वाकडे, मध्ये काटक्यांची वीण. पुढचे खुटे सरळ आणि पक्के, घणाचे घाव बसून डोकी फुटलेली. बांबू तोच, कापड तेच. वीण कुठेच नाही. काम दोन वेगळ्या हातांचं होतं, हे कुणालाही दिसलं असतं. पण लांबून बघणाऱ्याला ते एकच काम वाटत होतं.

एवढ्यात राजूभैया आले. मागे वेटर, त्याच्या हातात चहाचा ट्रे. आधी चहा घ्या, मग बोलू, म्हणाले. सरांनी कप उचलला. मी घेतला नाही. सुखदेवभाऊंनी घेतला आणि न पिता हातात धरून ठेवला.

मी विचारलं, हे पुढचे खुटे कुणाचे?

"शाळेचेच की मॅडम. तुमचं प्रोजेक्ट मोठं होऊन राहिलं, मी काय बोलणार. शिक्षणाच्या आड आपण येत नाही."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत माझा राजीनामा जवळजवळ तयार होता. माझ्याकडे घणाचे घाव होते, पण ते काम मुलांचं नाही हे सिद्ध कसं करणार? घण कुणालाही उचलता येतो.

तेव्हा प्राची पुढे झाली. कुणाला काही न विचारता ती गाळात उतरली आणि वाफ्याच्या वाढलेल्या कडेत तिनं फावडं घातलं. वर काळा गाळ होता, आमच्यासारखाच. खाली फावडं खरखरलं. तिनं ओंजळभर काढून पाण्यात हलवलं. गाळ धुऊन गेला आणि हातात लाल मुरूम राहिला.

मुरूम तलावाच्या तळातून येत नाही. तो खाणीतून ट्रॅक्टरनं येतो, आणि रस्ता किंवा पार्किंग करायचं असेल तेव्हा टाकतात. आमच्या शाळेकडे ट्रॅक्टर नाही.

मग सगळं उलगडलं. ढाब्याला ट्रक उभे करायला जागा पुरत नव्हती. आमच्या वाफ्याआड रोज पहाटे थोडा मुरूम टाकायचा, वरून गाळ सारवायचा, खुटे पुढे सरकवायचे. कुणी विचारलं तर शाळेचं नाव. शाळेला कोण हटकणार? बोंब फार झालीच तर मॅडम जातील, वाफा राहील. भरलेली जमीन पुन्हा कुणी उकरत नाही.

प्राचीनं ओंजळ काकांसमोर धरली. "मी जेवताना घरी सांगतलं होतं का ते लोक तलावाचं वावर कसं करत होते," ती म्हणाली. "तुमी तेच केलं ना काका?"

राजूभैया म्हणाले, मी तर पोरांना मदत म्हणून भर टाकली. सुखदेवभाऊंनी हातातला चहा काठावर ओतला आणि कप ट्रेमध्ये उलटा ठेवला.

"मासोळी याच उथळ पान्यात अंडे टाकते," ते म्हणाले. "तुमी टरक ठेवसान, तं आमी कोठी जाऊ?"

त्या पोरीचं मला फार वाईट वाटलं. माझी नोकरी वाचत होती, पण तिला संध्याकाळी त्याच घरी जायचं होतं. तिला आठवडाभर सगळं कळत असणार, आणि मी तिलाच दम दिला होता. परतताना मी तिच्याशेजारून चालले.

निकाल असा लागला. पंचायतीनं मुरूम आणि खुटे राजूभैयांनाच काढायला लावले. आमचा वाफाही गेला. त्याबद्दल मी सुखदेवभाऊंशी भांडून पाहिलं. ते म्हणाले, आज तुमचा ठेवला तर उद्या आणखी कोणाचा ठेवावा लागेल. बरोबरच होतं. शाळेविरुद्ध तक्रार नाही, हे त्यांनी स्वतः येऊन सरांना सांगितलं. मार्चमध्ये मी पक्की झाले. सेक्रेटरींनी फोनवर अभिनंदन केलं आणि यापुढे प्रोजेक्ट चार्ट पेपरवर करावं असं सुचवलं.

त्यानंतर काही दिवसांनी ढाब्यावरचा वेटर वर्गाच्या दारात आला. हातात मिठाईचा भलामोठा बॉक्स. राजूभैयांनी मॅडम आणि बच्च्यांसाठी पाठवलाय म्हणाला. बॉक्स टेबलावर ठेवून तो निघून गेला. खव्याचा वास वर्गभर पसरला आणि एकही हात पुढे आला नाही. सगळे प्राचीकडे बघायला लागले. मीही बघितलं.

ती खिडकीपाशी गेली. मागचा तलाव, काठ, ढाब्याची मागची भिंत, सगळं तिनं नीट पाहून घेतलं.

"थांबा मॅडम," ती म्हणाली. "आधी सैन्य कोठी उभं हाये ते पाहू द्या."

बॉक्स त्याच दुपारी परत गेला. इंकांच्या भेटींवरचा प्रश्न मी वार्षिक परीक्षेला घातला होता. त्या वर्गात तो कुणाचाच चुकला नाही. हा धडा मी अजून शिकवते. चिनाम्पा आता शाळेच्या अंगणात, जुन्या प्लास्टिकच्या टबात करतो, आणि समोसे ज्याचे त्यानं घरून आणायचे असतात.