अनुसूयेची काळी चार

मी पेटीवाला. पस्तीस वर्षं बेंगळुरूच्या एका सरकारी कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग तपासले, पण गाण्यातल्या लोकांना त्याचं काय? कार्यक्रमाच्या पत्रिकेत ‘पेटी : पद्माकर’ एवढंच, तेही तबल्याच्या खाली. मला त्याचं काही वाटत नाही, असं मी सगळ्यांना सांगतो. वाटतं.

पण ज्या बाईबद्दल सांगतोय, तिचं नाव पत्रिकेत कधी आलंच नाही. अनुसूया. राजाजीनगरच्या एका शाळेत गाणं शिकवते. तिची माणसं इथलीच, तीन-चारशे वर्षांपूर्वी येऊन राहिलेली, मराठी बोलता बोलता ‘बरं’ला कानडी ‘सरी’ म्हणणारी. एकोणिसाव्या वर्षी नरसिंहरावबुवांकडे गाणं शिकायला लागली आणि वर्षभरात त्यांच्या मागे तानपुरा घेऊन बसली. आज त्रेचाळिशीची आहे. अजून तिथंच बसते.

मागे बसायचीही एक रीत असते. नरसिंहराव आता चौऱ्याहत्तरचे. वरच्या सुरांवर त्यांचा दम संपतो. संपला की ते डावा हात स्वल्प मागे करतात आणि तळवा उघडतात. अनुसूयेनं तिथून सूर उचलायचा. तळवा मिटला की गप्प. हे इतकं बेमालूम चालतं की मंडळी म्हणतात, ‘बुवांचा दमसास बघा या वयात!’ हा दमसास मागे बसलाय, नऊवारी नेसून, हे मी पेटीवरून रोज बघतो. मीही कुणाला सांगितलं नाही.

गेल्या वर्षी जे. पी. नगरच्या मैत्रेयीनं तिला बोलावलं. ही मुलगी सॉफ्टवेअरमधली. घरच्या मोठ्या हॉलमध्ये दर महिन्याच्या एका रविवारी सकाळी बैठक करते, पन्नास-साठ माणसं, माइक नाही. “अक्का, मला तुमचं एकटीचं गाणं हवंय,” म्हणाली. अनुसूया त्याच दिवशी माझ्याकडे धावत आली. दहा महिने हातात होते. दर गुरुवारी संध्याकाळी रियाझाला यायचं ठरलं.

पहिल्याच गुरुवारी घोटाळा. तोडी सुरू केली आणि आवाज खाली जाईना. नुसता वारा. माझं बोट पेटीच्या दुसऱ्या पांढऱ्या सुरावर, पांढरी दोनवर, होतं. ती नरसिंहरावांची पट्टी, त्यांचा ‘सा’ तिथला, पुरुषाचा. बाईच्या गळ्याला खाली तळ लागत नाही आणि एक मजला, म्हणजे सप्तक, वर चढून गायलं तर किंचाळी होते. नरसिंहरावांच्या, तिच्या अण्णांच्या, मागे तिला फक्त वरचा अर्धा भाग गावा लागे, म्हणून इतकी वर्षं निभावलं.

“अनुसूया, तुझी पट्टी कोणती?”

“अण्णांची तीच माझी, काका.”

चिडलोच मी. चोवीस वर्षं गाणाऱ्या बाईला स्वतःचा ‘सा’ कुठे आहे हे माहीत नाही! मग एकेक सूर दाबत गेलो आणि ती गात गेली. चौथ्या काळ्या सुरावर, काळी चारवर, आलो आणि तिचा आवाज असा मोकळा झाला की माझी बायको स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. “कोण गातंय?” असं विचारलं तिनं. अनुसूया रडली. मग आम्ही तिघांनी कॉफी घेतली.

दहा महिन्यांत ती तोडी काय झाली म्हणून सांगू! स्वतःच्या पैशानं तिनं डबीएवढा इलेक्ट्रॉनिक तानपुरा घेतला, काळी चारवर लावला आणि त्याला कुणी हात लावू नये म्हणून वर चिकटपट्टी मारली.

रीतीप्रमाणे गुरूंची परवानगी घेतली. नरसिंहराव इतके खूश झाले की त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि डोळे टिपले. हे मी मुद्दाम सांगतो, कारण माणूस वाईट नाही. वाईट असता तर सोपं झालं असतं.

बैठकीच्या रविवारी आम्ही साडेनऊला तयार. डबी सुरू होती. हयवदन तबलजी हातोडीनं तबला काळी चारला मिळवत होता. माझं बोट त्याच सुरावर. तेवढ्यात दारातून नरसिंहराव आले, मागे दोन शिष्या, त्यांच्या हातात बुवांचे दोन्ही थोरले तानपुरे.

“ही डबी बंद कर ग,” ते हसत म्हणाले. “माझे तानपुरे असताना? पहाटे उठून स्वतः लावलेत तुझ्यासाठी. चोवीस वर्षं ज्या स्वरात गायलीस, तो आज तुला दिला.”

साठ माणसांनी टाळ्या वाजवल्या. ते पांढरी दोनचे तानपुरे काळी चारला चढवायचे म्हटले तर तारा तुटतील. अनुसूयेनं माझ्याकडे पाहिलं. एक वाक्य पुरलं असतं: ‘बुवा, तिची पट्टी वेगळी आहे.’ मी हयवदनकडे पाहिलं. त्यानं खाली मान घालून तो तबला पिशवीत ठेवला आणि मोठ्या तोंडाचा, खालच्या सुराचा, काढला. मग मीही बोट उचललं आणि पांढरी दोनवर नेलं.

तिनं डबी बंद केली.

तोडी सुरू झाली. खालचा सूर नुसता हवेत विरला. पुन्हा प्रयत्न, पुन्हा तेच. तिचे कान लाल झाले. लोक चुळबुळ करायला लागले. मैत्रेयीनं पाण्याचा पेला पुढे सरकवला. मला वाटलं, आता ही उठते. उठावं, असं मनापासून वाटलं.

आणि समोरच्या गादीवरून नरसिंहरावांनी सूर दिला. मदत म्हणून हो, मायेनंच. खालचा सगळा विस्तार ते गायले, बसल्या जागी, डोळे मिटून. वर आले, दम संपला आणि डावा तळवा उघडला.

अनुसूयेनं तिथून असा सूर उचलला की हॉलमधला पंखासुद्धा थांबल्यासारखा वाटला. तासभर तसंच चाललं. खाली ते, वर ती. लोक उभे राहिले. काहींच्या डोळ्यांत पाणी. ‘गुरु-शिष्या असावेत तर असे,’ असं जो तो म्हणत होता. इतक्या टाळ्या तिला आयुष्यात मिळाल्या नव्हत्या, आणि मैत्रेयीनं तिथल्या तिथं पुढच्या वर्षीची तारीख दिली. दोघांना मिळून. पत्रिकेत तिचं नाव येणार होतं, नरसिंहरावांच्या खाली.

“सरी, अण्णा,” एवढंच अनुसूया म्हणाली आणि पाया पडली.

पुढच्या गुरुवारी ती येणार नाही असं मला वाटलं होतं. आली. चपला काढल्या, बसली.

“तू बोलली का नाहीस?” मी फटकन विचारलं. चार दिवस मनात साचलं होतं.

“अण्णांसमोर मी काय बोलणार?” ती शांतपणे म्हणाली. “पण काका, तुमचं बोट काळी चारवर होतं. तुम्ही का उचललंत?”

उत्तर मला माहीत होतं. पुढच्या महिन्यात नरसिंहरावांना कार्यक्रमांची बोलावणी होती आणि पेटीवर मीच होतो. लाज वाटली. मी पेटी उघडली, उजव्या हातानं काळी चार दाबली, डाव्या हातानं भाता मारायला लागलो.

तिनं ‘सा’ लावला. स्वच्छ, भरदार, तिचा. आणि थांबली.

मला वाटलं, श्वास घेतेय. सूर चालू ठेवला. ती गाईना. “अग, गा ना पुढं!” मी ओरडलो. “चाळीस राग येतात तुला!”

“हो काका,” ती म्हणाली. पण तिची नजर पेटीवर नव्हती, माझ्यावरही नव्हती. ती माझ्या डाव्या हाताकडे बघत होती. तळवा कधी उघडतो, याची वाट बघत.

तो भात्यावर होता. मी भाता मारत राहिलो.