एकाच नावाची वहिनी

शुद्धलेखन चुकलं तर आधीच माफ करा. टायपिंग पण एका बोटाने चालतं. शाळा नववीत सुटली, त्यामुळे ऱ्हस्व दीर्घ जसं आठवेल तसं...

मागच्या आठवड्यात सोमवारी कर्वेनगरात आमच्या घरी वहिनीने ब्लाऊजपीस टेलरकडून परत आणला. न शिवता. टेलर म्हणाला पंधरा दिवस लागतील, तर ही म्हणाली, "मग नको. मी नसेल." तिच्या व्हिसाचे अकरा दिवस उरले होते.

आणि मुदत अजून का वाढली नव्हती, ते घरात फक्त मला माहीत होतं.

पहिल्यापासून सांगते. दादा कंपनीच्या कामाला दोन वर्षं इंडोनेशियात होता, मशीन बसवायला. तिथे त्याला वुलान भेटली. यंदा पुण्यात लग्न झालं, रजिस्टर पण झालं. आईला वाटलं, आता ही आपली, म्हणजे भारताची. मला पण तसंच वाटायचं.

तसं नसतं. लग्न झालं तरी पासपोर्ट तिच्याच देशाचा राहतो. इथे राहायची परवानगी वेगळी मागावी लागते, ती पण ठरावीक मुदतीची, मग वाढवून घ्यायची. घर बदललं तरी कळवायचं. लग्नाला दोन वर्षं झाली की एका कार्डासाठी अर्ज करता येतो, पण ते कार्ड म्हणजे सुद्धा नागरिकत्व नाही... हे सगळं मी मोबाईलवर वाचून वाचून शिकले.

दादाची शिफ्ट असते म्हणून ऑनलाईन अर्ज मीच भरला. आई बिल्डिंगभर सांगत सुटली, "आमच्या पोरीने भरला हो, एजंट नाही लागला."

चूक झाली ती नावात. वहिनीला एकच नाव आहे. वुलान. आडनाव नाही, मधलं नाव नाही, पासपोर्टवर पण एकच शब्द. तिकडे खूप जणांचं असंच असतं म्हणे.

आईने लग्नाआधीच विचारलं होतं, "अगं आडनाव नाही असं कसं? मग शाळेत हजेरी कशी घेत होते?" वहिनी तोडकंमोडकं मराठी बोलते. म्हणाली, "वुलान म्हणायचे. मी हात वर."

फॉर्म भरताना ती आडनावाची रिकामी चौकट बघून मला कसंतरीच झालं. आपल्याकडे बाईचं नाव म्हणजे तिचं, नवऱ्याचं आणि मग आडनाव. गॅसच्या पुस्तकावर तसंच, रेशन कार्डावर तसंच. मग मी लिहिलं, वुलान अमोल शेलार. छान दिसत होतं. तीनदा वाचलं आणि सबमिट केलं.

काही दिवसांनी मेल आला. नाव पासपोर्टशी जुळत नाही, अर्ज परत. मेल माझ्याच मोबाईलवर यायचे. मी वाचला आणि गप्प बसले.

मला बोलायला जमत नाही, पहिल्यापासूनच. वहिनी रोज संध्याकाळी विचारायची, "आदिक, आलं?" आदिक म्हणजे तिच्या भाषेत धाकटं भावंड. मी म्हणायचे, नाही आलं... असे चार दिवस मी घालवले. दिवस तिचे होते.

तो ब्लाऊजपीस बघितला आणि मग राहवलं नाही. वहिनी मेथी निवडत होती. मी मोबाईल तिच्यासमोर धरला आणि म्हटलं, वहिनी, माझ्यामुळे झालंय.

तिने वाचलं, तारीख बघितली. मला वाटलं होतं जवळ घेईल. "चार दिवस?" एवढंच म्हणाली आणि मेथी तशीच टाकून आत गेली.

संध्याकाळी दादाला पण सांगितलं. तो म्हणाला, "वा! लग्नात गुरुजींना सांगितलं नाव बदलायचं नाही, तर तू फॉर्मवर बदललंस." मग म्हणाला, "आता फोन पण तूच करायचा." मी म्हटलं, तू कर ना. "का? नाव मी बदललंय का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी हेल्पलाईनला फोन लावला. कागदावर सगळं लिहून घेतलं होतं, तरी आवाज फुटेना. पलीकडच्या मॅडम म्हणाल्या, "हॅलो? अहो, बोला की." मग बोलले. तीन नावं का लिहिली ते पण सांगून टाकलं.

त्या म्हणाल्या, "पासपोर्टवर जे आहे तेच लिही. एक अक्षर जास्त नको. आडनाव रिकामं ठेवलं तर काही होत नाही बाळा. आणि आजच भर, उद्यावर टाकू नको."

नवा अर्ज भरताना वहिनी शेजारी येऊन बसली. रागातच होती. एकेक चौकट बोट ठेवून वाचली. आडनावापाशी थांबली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "इथे काही नाही." मी पण म्हटलं, काही नाही.

काल दुपारी परवानगी आली. एक वर्षाची. व्हिसा संपायला तीन दिवस होते.

आईने प्रिंट उलटीपालटी करून बघितली. "आपलं आडनाव कुठेच नाही गं," म्हणाली. वहिनी म्हणाली, "आई, पत्ता बघा." खाली आमच्या घराचा पत्ता होता... आई चहा टाकायला गेली.

वहिनी माझ्याशी परत नीट बोलायला लागलीये. मेल मात्र आता तिच्या मोबाईलवर येतात. बरोबरच आहे. त्या फोनवरच्या मॅडमना थँक्यू म्हणायचं राहिलं, म्हणून इथे म्हणते.

आणि हो, आमच्या चौकातला कित्येक महिने बंद पडलेला सिग्नल चालू झाला. कोणी थांबत नाही, पण चालू झाला.