विहिरीच्या पाण्यानं धुतलेली गाडी

मला दुबईला मामूंनी आणलं. ते एका अरब व्यापाऱ्याकडे ड्रायव्हर होते. डोळे अधू झाले तेव्हा त्यांनी मालकाला गळ घातली, माझा भाचा ठेवा, गाडीची जबाबदारी माझी. स्वतः खाडीवरच्या गोदामात बसू लागले. बासष्टचा सुमार असेल. गाडीचं काही वाईट झालं तर माझ्याबरोबर मामूंचीही भाकरी जाणार, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

अबुधाबीला जायला तेव्हा सडक कसली, नुसती मिठागरासारखी पांढरी जमीन. हिवाळ्यात पाऊस पडला की तिचा चिखल गाडीच्या पोटाला थापून बसायचा. "आल्या आल्या गोड्या पाण्यानं धू," मामूंनी बजावलं होतं, "नाहीतर मीठ पत्रा खाईल."

मी धुवायचो. मालकाच्या अंगणात विहीर होती. तिचं पाणी काढून, थंडीत कुडकुडत, गाडीखाली पाठीवर झोपून धुवायचो. पत्रा वाळला की वर पांढरं पुट यायचं. मला वाटायचं रस्त्याचं मीठ अजून निघालं नाही, की पुन्हा बादली. दिवसातून तीन-तीनदा धुतली मी ती. हाताची कातडी सोलून निघाली, तरी दाराखाली गंज फुगतच होता. नमाजात उभा राहिलो तरी तोच दिसायचा. एकदा गाडीखाली पडल्या पडल्या रडलो, सांगायला लाज कसली.

दुसऱ्या हिवाळ्यात एका सकाळी मालक गाडीत बसायला गेले आणि त्यांचा पाय खालच्या पत्र्यातून आरपार गेला. मामूंना गोदामातून बोलावून आणलं. त्यांनी पत्र्यावरून बोट फिरवून जिभेला लावलं. मग विहिरीवर जाऊन ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकले.

"पोरा, ह्याच पाण्यानं?" त्यांनी हळूच विचारलं.

मी मान हलवली. अकलेचा कांदा मी. आमच्या रत्नागिरीकडे समुद्राला लागून असलेल्या विहिरीचंही पाणी गोडं. विहीर खारीही असू शकते हे डोक्यातच आलं नाही. प्यायचं पाणी गाढवावरून डब्यांत यायचं, ते का, एवढंसुद्धा कधी विचारलं नव्हतं.

कुणी सांगितलं ह्या पाण्यानं धुवायला, मालक ओरडत होते.

"मीच," मामू म्हणाले. "पोराचा काही कसूर नाही."

मला बोलायचं होतं. अल्लाची शपथ, बोलायचं होतं. पण दातखीळ बसली.

"खलास," मालक मामूंना म्हणाले.

आठ दिवसांनी मी मामूंची ट्रंक उचलून धक्क्यावर नेली. त्या आठ दिवसांत मालकाकडे जाऊन खरं सांगता आलं असतं. रोज त्यांच्यासमोर उभा होतो. बोटीकडे निघताना मामूंनी माझ्या डोक्यावर हात ठेवून दुआ दिली. तेव्हाही मी तोंड उघडलं नाही. मला नोकरी हवी होती.